विंचवाचं बिऱ्हाड: न्यू ऑर्लिन्स सेंट्सचा २००५ चा हंगाम

३ विजय, १३ पराभव. एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या दप्तरात न्यू ऑर्लिन्स सेंट्स या संघाचा २००५ चा हंगाम एवढ्या दोन आकड्यांत संपतो. सेंट्सच्या चाहत्यांनाही त्याबद्दल फारसं बोलायचं नसतं. ते तुम्हाला थेट २५ सप्टेंबर २००६ ची गोष्ट सांगायला लागतात, आणि ती आहेच तशी सांगण्यासारखी. पण मला स्वतःला त्याच्या आधीचं वर्ष जास्त विचार करण्यासारखं वाटतं. संघ एका शहराचा असतो म्हणजे नेमकं काय, याची परीक्षा त्या वर्षी झाली. मैदानावर संघ नापास झाला, हा भाग वेगळा.

ज्यांना अमेरिकन फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून केलेली मारामारी वाटते त्यांच्यासाठी थोडक्यात. (मलाही ऑनसाइटच्या वर्षात ऑफिसातल्या लोकांनी शिकवेपर्यंत तसंच वाटायचं.) लीगमध्ये ३२ संघ. त्या काळी प्रत्येकाचे साखळीत १६ सामने, ८ घरच्या मैदानावर आणि ८ बाहेर. घरच्या मैदानाला फार महत्त्व, कारण चेंडू पाहुण्यांकडे असला की यजमान प्रेक्षक इतका गोंगाट करतात की पाहुण्यांना एकमेकांचे इशारेसुद्धा ऐकू येत नाहीत. छप्पर असलेल्या स्टेडियममध्ये तर विचारूच नका. न्यू ऑर्लिन्सचं सुपरडोम हे त्यातलंच, १९७५ साली उघडलेलं अवाढव्य स्टेडियम.

सेंट्स हा काही यशस्वी संघ नव्हता. १९६७ साली पहिला हंगाम खेळलेल्या या संघाला पराभवांपेक्षा विजय जास्त असलेला पहिला हंगाम बघायला १९८७ उजाडावं लागलं. १९८० साली ते १६ पैकी १५ सामने हरले, तेव्हा लोक डोक्यावर कागदी पिशव्या घालून स्टेडियममध्ये बसायचे. घरच्यांनी ओळखू नये म्हणून! तरी यायचे मात्र नक्की. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

२६ ऑगस्ट २००५, शुक्रवार. सेंट्स सुपरडोममध्ये बाल्टिमोरविरुद्ध सरावाचा सामना खेळले. रविवारी अख्खा संघ विमानाने कॅलिफोर्नियाला गेला. पुढचा सराव सामना ओकलंडला होताच, वादळ येतंय तर थोडं आधी निघू, असा हिशोब. म्हणजे सामान चार दिवसांचं. सोमवारी, २९ तारखेला, कॅटरिना धडकलं, शहराचे बांध फुटले आणि ८० टक्के न्यू ऑर्लिन्स पाण्याखाली गेलं. महिनाभर आधीच मुंबईत २६ जुलै झाला होता, त्यामुळे बुडालेल्या शहराची चित्रं आपल्याला नवी नव्हती. पण मुंबईचं पाणी उतरलं आणि लोक कामाला लागले. इथे पाणी कित्येक आठवडे हटलं नाही आणि शहर जवळजवळ रिकामं करावं लागलं.

ज्यांना गाडी नव्हती, जायला जागा नव्हती, अशा हजारो लोकांना शेवटचा आसरा म्हणून सुपरडोममध्येच घेतलं होतं. बहुतेक गरीब, बहुतेक कृष्णवर्णीय. छपराचं आवरण वाऱ्याने सोलून निघालं, वीज गेली, संडास तुंबले आणि ऑगस्टच्या उकाड्यात माणसं दिवसच्या दिवस बसची वाट बघत राहिली. आतल्या अत्याचारांच्या ज्या बातम्या जगभर गेल्या त्यांतल्या बऱ्याच नंतर अफवा ठरल्या. जे खरं होतं तेही पुरेसं भयानक होतं. शुक्रवारी सामना झाला त्याच हिरवळीभोवती रविवारी निर्वासित. अठ्ठेचाळीस तासांच्या आत.

आता संघ जाणार कुठे? टेक्सासमधलं सॅन अँटोनिओ, रस्त्याने आठशेहून अधिक किलोमीटर दूर, तयार होतं. तिथे अलामोडोम नावाचं मोठं स्टेडियम होतं आणि शहराला कधीपासून एनएफएलचा संघ हवा होता. शिवाय सेंट्सचे मालक टॉम बेन्सन यांचे तिथे मोटारविक्रीचे धंदे. संघ तिथे उतरला. हॉटेलं, भाड्याची घरं, सरावाला मिळेल ते मैदान. आपल्या भाषेत सांगायचं तर मुख्य डेटा सेंटर बुडालं आणि डिझास्टर रिकव्हरीची साइट म्हणून कोणाचं तरी गॅरेज मिळालं. फरक इतकाच की इथे सर्व्हरला बायकापोरं होती, आणि त्यांतल्या काहींची घरं पाण्यात होती.

असं असून पहिला सामना ते जिंकले! ११ सप्टेंबरला कॅरोलायनात, बरोबरी असताना, शेवटची ३ सेकंद उरली असताना जॉन कार्नीने ४७ यार्डांवरून किक मारली. २३-२०. देशभरातले लोक त्या दिवशी सेंट्सच्या बाजूने होते.

दुसऱ्या आठवड्यातला प्रकार मात्र मला आजही संतापजनक वाटतो. हा सेंट्सचा घरचा पहिला सामना, प्रतिस्पर्धी न्यूयॉर्क जायंट्स. लीगने तो ठेवला कुठे? न्यूजर्सीत, जायंट्सच्याच स्टेडियममध्ये! एका बाजूच्या गोलपट्ट्यात सेंट्सचं नाव रंगवलं आणि म्हणाले, हे तुमचं घर. प्रेक्षक अर्थातच जायंट्सचे. सेंट्स २७-१० ने हरले. प्रशिक्षक आणि खेळाडूंची चिडचिड झाली आणि ती रास्तच होती. मदतनिधी गोळा करायला न्यूयॉर्क सोयीचं होतं हे मान्य, पण १६ सामन्यांच्या हंगामात एका संघाला ९ घरचे सामने आणि दुसऱ्याला ७, हा कुठला न्याय?

गंमत पुढे आहे. त्याच स्टेडियममध्ये न्यूयॉर्क जेट्सही खेळायचे. नोव्हेंबरच्या अखेरीस सेंट्स तिथे पुन्हा गेले, या वेळी रीतसर पाहुणे म्हणून, आणि २१-१९ ने जिंकले. हंगामातल्या ३ विजयांपैकी हा तिसरा. म्हणजे एकाच मैदानावर 'घरी' हरले आणि 'बाहेर' जिंकले. एकूण हिशोबही असाच. 'घरच्या' आठांपैकी फक्त १ विजय, बफेलोविरुद्ध सॅन अँटोनिओत.

उरलेल्या घरच्या सामन्यांची वाटणी झाली. ३ सॅन अँटोनिओत, ४ लुइझियानातच बॅटन रूज इथे, विद्यापीठाच्या टायगर स्टेडियममध्ये. बॅटन रूज न्यू ऑर्लिन्सपासून सव्वाशे-दीडशे किलोमीटर, म्हणजे त्यातल्या त्यात घर. पण घर तरी कसलं! ३० ऑक्टोबरला तिथे पहिला सामना झाला तो मायामीविरुद्ध, आणि मायामीचे प्रशिक्षक होते निक सेबन, ज्यांनी आदल्याच वर्षापर्यंत त्याच विद्यापीठाचा संघ घडवला होता. पाहुण्या प्रशिक्षकाला तिथला गवताचा प्रत्येक पट्टा पाठ आणि यजमान मात्र ड्रेसिंग रूमची वाट विचारतायत. सेंट्स २१-६ ने हरले. नव्वद हजारांवर माणसं मावणाऱ्या त्या स्टेडियममध्ये रिकामी बाकं डोळ्यांत भरत होती. भरणार तरी कशी? हंगामाची तिकिटं काढलेले लोक ह्यूस्टनला, अटलांटाला, नातेवाइकांच्या सोफ्यावर झोपत होते.

आपल्याकडे २०१८ साली चेन्नई सुपर किंग्जचे घरचे सामने कावेरीच्या आंदोलनामुळे पुण्याला, गहुंज्याला आले होते. चेन्नईहून खास रेल्वेगाडी भरून माणसं आली आणि गहुंजे पिवळं झालं. घराबाहेरचं घर असंही होऊ शकतं. पण तेव्हा चेन्नई शहर जागेवर होतं. सामना संपला की माणसं गाडीत बसून घरी गेली. सेंट्सच्या चाहत्यांना तीच तर सोय नव्हती.

खेळाचं म्हणाल तर घसरण ऑक्टोबरात सुरू झाली. ४ सामन्यांनंतर २-२ असलेला संघ ग्रीन बेमध्ये ५२-३ असा चिरडला गेला आणि त्याच सामन्यात त्यांचा सर्वोत्तम धावपटू ड्यूस मॅकॅलिस्टर गुडघ्याच्या दुखापतीने हंगामातून गेला. मग सलग ६ पराभव, जेट्सवर तो एक विजय, आणि शेवटी परत सलग ५. डिसेंबरात क्वार्टरबॅक आरॉन ब्रूक्सलाही बाहेर बसवलं. पण १३ पैकी ५ पराभव ७ किंवा त्याहून कमी गुणांचे होते: अटलांटाकडून ३, शिकागोकडून ३, डेट्रॉइटकडून फक्त १. रोज नवं मैदान आणि रोज घरच्यांची काळजी नसती तर यातले दोन-तीन फिरले असते असं माझं मत. सिद्ध करता येणार नाही, पण मत आहे.

खरी झुंज मात्र मैदानाबाहेर चालली होती. संघ न्यू ऑर्लिन्सला परत जाणार का? सॅन अँटोनिओचे महापौर फिल हार्डबर्गर उघडपणे संघाला आमंत्रण देत होते. बेन्सन नक्की काही बोलत नव्हते. त्यांना संघ शहरात ठेवण्यासाठी लुइझियाना सरकार २००१ च्या करारानुसार दरवर्षी लाखो डॉलर मोजत होतंच. निव्वळ धंद्याच्या नजरेने बघितलं तर निम्मं शहर रिकामं, कंपन्या गेलेल्या, स्टेडियम फुटलेलं. कुठलाही एमबीए म्हणाला असता, निघा. पण सेंट्स गेले असते तर त्याचा अर्थ प्रत्येकाने एकच काढला असता: हे शहर संपलं. आपल्या मोडक्या घराची दुरुस्ती करायची की ह्यूस्टनलाच राहायचं, हे ठरवत बसलेल्या माणसाला त्याहून वाईट निरोप कोणता?

लीगचे आयुक्त पॉल टॅग्लियाब्यू यांनी इथे वजन टाकलं. जायंट्सच्या सामन्याबद्दल लीगला कितीही शिव्या घाला (मी घातल्याच आहेत), पण संघ परत नेण्याच्या बाबतीत ते ठाम राहिले. हंगाम संपता संपता निर्णय झाला: २००६ ला सेंट्स न्यू ऑर्लिन्समध्ये खेळणार.

या गचाळ हंगामाची काही फळंही निघाली. एनएफएलमध्ये सगळ्यात कमजोर संघाला नवे खेळाडू निवडायला आधी मिळतात. ३-१३ मुळे सेंट्सचा नंबर दुसरा लागला आणि रेजी बुश हाती आला. डेट्रॉइटकडून ते १३-१२ असे हरले नसते तर कदाचित नसता आला! प्रशिक्षक जिम हॅसलेट यांची नोकरी गेली, शॉन पेटन आले. आणि खांदा फाटलेला एक क्वार्टरबॅक, ड्रू ब्रीज, ज्याला घ्यायला मायामी कचरली, तोही इथेच आला. शहर मोडलेलं, खांदा मोडलेला, चांगली जोडी जमली. त्याच ब्रीजने फेब्रुवारी २०१० मध्ये सेंट्सला सुपर बोल जिंकून दिला, तोही मायामीत.

२५ सप्टेंबर २००६ ला सुपरडोम परत उघडलं. दीड मिनिटात स्टीव्ह ग्लीसनने अटलांटाची किक अडवली, कर्टिस डिलोचने गोलपट्ट्यात चेंडूवर झेप घेतली आणि सेंट्स २३-३ ने जिंकले. या सामन्याने शहर बरं केलं असं म्हणतात, ते मला पटत नाही. स्टेडियम १३ महिन्यांत दुरुस्त झालं. लोअर नाइन्थ वॉर्डमधल्या कित्येक घरांच्या जागी त्यानंतर अनेक वर्षं गवत माजलेलं होतं. पण एक आकडा मला गप्प करतो. त्या वर्षी, लोकसंख्या निम्म्यावर आलेल्या शहरात, ३-१३ हरलेल्या संघाची सगळी तिकिटं हंगाम सुरू व्हायच्या आधीच संपली होती, संघाच्या इतिहासात पहिल्यांदा. कागदी पिशव्यांवाली माणसं ती हीच.

सॅन अँटोनिओला एनएफएलचा संघ अजून मिळालेला नाही.