समुद्रस्मृतीचे रूपबंध : त्सुनामी, मौखिक परंपरा आणि सामूहिक सज्जता

२६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राच्या वायव्य किनाऱ्यालगत ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्यातून उद्भवलेल्या त्सुनामीने हिंदी महासागराच्या काठावरील सुमारे २ लाख ३० हजार माणसांचा बळी घेतला. ह्या आपत्तीचा इतिहास मुख्यतः भूविज्ञान, प्रशासन आणि पुनर्वसन ह्या तीन अंगांनी लिहिला गेला आहे. तिचे चौथे अंग मात्र तौलनिक साहित्याभ्यासाच्या कक्षेत येते. त्या दिवशी एकाच महासागराच्या दोन काठांवर, समुद्राने केलेल्या संहाराची स्मृती बाळगणारे दोन समाज होते. एकाची स्मृती महाकाव्यात होती, दुसऱ्याची घरोघर सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत. पहिल्या किनाऱ्यावर हजारो माणसे बेसावध सापडली. दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ सारे बेट वाचले. ह्या अंतराची कारणे भौगोलिक आहेत तशीच वाङ्मयीनही आहेत. स्मृती कोणत्या रूपबंधात टिकते, ह्यावर ती समाजाच्या कामी येते की नाही हे पुष्कळ अंशी ठरते, आणि तो रूपबंध हरवला असेल तर संशोधक व समाज ह्यांच्या सहकार्यातून तो पुन्हा घडविता येतो, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

पुहार : विधीवाचून अर्थवाद

तमिळ साहित्यपरंपरेत समुद्राने भूमी गिळल्याची कल्पना प्राचीन आहे. 'कडल्कोळ्' हा शब्दच तिच्यासाठी रूढ आहे. 'मणिमेखलै' ह्या बौद्ध महाकाव्यात कावेरीच्या मुखाशी वसलेल्या पुहार नगरीचा असा नाश वर्णिला आहे. समुद्रात नाहीशा झालेल्या पुत्राच्या शोकात चोळ राजाला इंद्रोत्सवाचा विसर पडतो, आणि देवतेच्या कोपाने नगरी पाण्याखाली जाते. आजचे पूम्पुहार २००४ साली नागपट्टिणम जिल्ह्यात मोडत होते. २०२० पासून ते मयिलादुतुराई जिल्ह्यात आहे. भारताच्या मुख्य भूमीवर २००४ च्या त्सुनामीचा सर्वाधिक आघात ह्याच नागपट्टिणम जिल्ह्यावर झाला. तेथे सुमारे ६,००० माणसे मृत्युमुखी पडली.

पूर्वमीमांसेतील विधी आणि अर्थवाद हा भेद येथे उपयोगी पडतो. विधी म्हणजे काय करावे हे सांगणारे वाक्य. अर्थवाद म्हणजे त्या आज्ञेचे महत्त्व पटविणारी स्तुती, निंदा वा कथा. अर्थवादाला स्वतंत्र प्रामाण्य नसते, विधीशी जोडले गेल्यानेच ते त्याला लाभते. पुहारच्या आख्यानाला एक विधी आहे, परंतु तो उत्सव न चुकविण्याचा आहे. समुद्र उसळला तर कोठे जावे, ह्याविषयी ते मौन आहे. आपत्तीला नैतिक अर्थ देणे हे त्या आख्यानाचे कार्य होते आणि ते त्याने उत्तम रीतीने पार पाडले. ह्यात महाकाव्याचा दोष काढण्याचे कारण नाही; ज्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी ते रचलेच नव्हते, त्याचे उत्तर त्यात शोधणे अप्रस्तुत ठरेल.

ह्याच किनाऱ्यावर स्मृतीचा दुसराही एक प्रकार होता. ३१ डिसेंबर १८८१ रोजी कार निकोबारजवळ झालेल्या भूकंपाची त्सुनामी बंगालच्या उपसागराभोवतालच्या आठ बंदरांतील भरतीमापक यंत्रांनी नोंदविली होती, आणि त्यांत नागपट्टिणमही होते. लाट लहान असल्याने समाजाने तिची आठवण ठेवली नाही, यंत्राने ठेवली. मोदेस्तो ऑर्टिझ आणि रॉजर बिल्हॅम ह्या संशोधकांनी त्या नोंदींचे विश्लेषण २००३ मध्ये, म्हणजे महासंहाराच्या अवघ्या एक वर्ष आधी, प्रसिद्ध केले. त्या वेळी हिंदी महासागरासाठी त्सुनामीची पूर्वसूचना देणारी यंत्रणाच नव्हती. अशा रीतीने काव्यातील स्मृतीला विधी नव्हता आणि यंत्रातील स्मृतीला समाज नव्हता.

सिमेउलुए : एका शब्दाची परंपरा

सुमात्राच्या पश्चिमेस, भूकंपाच्या केंद्राला अगदी निकट, आचे प्रांतातील सिमेउलुए हे बेट आहे. जानेवारी १९०७ मध्ये तेथे मोठा भूकंप होऊन त्सुनामी आली आणि बेटावरील असंख्य माणसे बुडाली. वाचलेल्यांनी ह्या अनुभवाला 'स्मोंग' हा शब्द दिला आणि तो 'नाफी-नाफी' नामक कथनप्रकारातून पुढच्या पिढ्यांकडे सोपविला. कथेचा गाभा अत्यल्प आहे: जमीन जोराने हादरली, आणि मागोमाग समुद्र ओसरला, तर कशाचीही वाट न पाहता उंचावर जावे. १९०७ ची हकीकत ह्या आज्ञेला अर्थवाद म्हणून जोडलेली आहे. 'नांदोंग' ह्या गीतप्रकारातही स्मोंग येतो. मात्र आज सर्वत्र सांगितले जाणारे गीतरूप २००४ नंतरच अधिक प्रसृत झाले. लोकांना वाचविणारी संहिता मुख्यतः गोष्टीची होती, आणि त्या गोष्टीचे सार एका शब्दात मावत होते.

२००४ साली बेटाची लोकसंख्या सुमारे ७८,००० होती आणि त्या दिवशी तेथे सात माणसे दगावली. बेटाच्या उत्तर टोकावरील लांगी ह्या गावी हादरे थांबल्यावर अवघ्या आठ मिनिटांत लाट आली. घरे नष्ट झाली, पण गावातील सुमारे ८०० रहिवाशांपैकी एकही मेला नाही. त्याच आचे प्रांताच्या मुख्य भूमीवर, जेथे हा शब्द परिचित नव्हता, मृत व बेपत्ता ह्यांची संख्या दीड लाखावर गेली. ब्रायन मॅकअडू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटावर जाऊन केलेला अभ्यास २००६ मध्ये भूकंप अभियांत्रिकीच्या नियतकालिकात आला, ही गोष्ट लक्षणीय आहे. मौखिक वाङ्मयाचे प्राणरक्षक कार्य प्रथम नोंदविले ते साहित्याच्या अभ्यासकांनी नव्हे.

येथे तुलनेला मर्यादाही घालावयास हवी. नागपट्टिणमला लाट पोहोचण्यास दोन तासांहून अधिक वेळ लागला, म्हणजे लांगीच्या कितीतरी पट वेळ हाताशी होता. परंतु सिमेउलुएच्या लोकांना सावध करणारी खूण, म्हणजे पायांखालचा प्रचंड हादरा, तमिळ किनाऱ्यावर त्या तीव्रतेने जाणवलाच नाही. स्मोंगची कथा जशीच्या तशी तेथे माहीत असती तरी ती अपुरी पडली असती. दूरच्या भूकंपाची वर्दी यंत्रच देऊ शकते आणि वर्दी मिळाल्यावर काय करावे हे समाजाच्या अंगवळणी पडलेले असावे लागते. स्थानिक परंपरा आणि विज्ञान ह्यांपैकी एकाची निवड करा, असा प्रश्न मांडणेच म्हणून चुकीचे ठरते.

जपान : कथेचा प्रवास

ह्या दोन स्मृतींचा दीर्घकाळ चाललेला संयोग जपानच्या इतिहासात पाहावयास मिळतो. २४ डिसेंबर १८५४ रोजी झालेल्या भूकंपानंतर की प्रांतातील हिरो गावावर त्सुनामी आली. सोया सॉसचा व्यवसाय असलेल्या घराण्यातील हामागुची गोर्यो ह्यांनी काळोखात वाट चुकलेल्या माणसांना उंचावरील देवस्थानाची दिशा कळावी म्हणून भाताच्या पेंढ्यांच्या गंजी पेटविल्या. पुढे त्यांनी स्वखर्चाने संरक्षक बांध उभारला आणि त्या कामावर उद्ध्वस्त गावकऱ्यांनाच मजुरी दिली. १९४६ च्या त्सुनामीत ह्या बांधाने गावाचा बराच भाग राखला.

ही घटना कथा झाली ती परभाषेत. जून १८९६ मध्ये ईशान्य जपानच्या सानरिकु किनाऱ्यावर सुमारे २२,००० माणसे त्सुनामीत मेली. त्या पार्श्वभूमीवर लाफ्काडिओ हर्न ह्यांनी हामागुचींची कथा इंग्रजीत लिहिली. १८९७ च्या त्यांच्या संग्रहात ती समाविष्ट आहे. हर्न ह्यांनी तपशील बदलले. तिशीतला गृहस्थ डोंगरावर राहणारा वृद्ध झाला. पेंढ्यांऐवजी कापणी होऊन पडलेले अख्खे पीक आगीत गेले. आणि १८५४ चा प्रचंड भूकंप मंद, लांबत जाणारा हादरा बनला. हा शेवटचा बदल १८९६ च्या आपत्तीशी जुळतो, कारण तेव्हाचा भूकंप खरोखरच सौम्य भासला होता. इतिहासाच्या दृष्टीने ही सरमिसळ आहे. तिच्यामुळे कथेच्या पोटातील विधी मात्र अधिक व्यापक झाला: हादरा सौम्य असला तरी समुद्राची खूण ओळखावी. पुढे हिरोशेजारच्या युआसा गावचे शिक्षक नाकाई त्सुनेझो ह्यांनी हर्न ह्यांच्या कथेचे जपानी रूपांतर केले. १९३७ ते १९४७ ह्या काळात ते प्राथमिक शाळांच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकात होते. भूकंपशास्त्रज्ञ इमामुरा आकित्सुने ह्यांनी तो पाठ कसा शिकवावा ह्यासंबंधी शिक्षकांसाठी मार्गदर्शन लिहिले. जपानी घटना, इंग्रजी कथा, जपानी पाठ आणि शास्त्रज्ञाचे भाष्य असा हा प्रवास भाषांतराभ्यासाने अधिक बारकाईने पाहण्याजोगा आहे.

कामाइशी : संशोधनातून घडलेली परंपरा

परंतु पाठ्यपुस्तकातून कथा गेली की स्मृतीही सैलावते. सानरिकु किनाऱ्यावर इशाऱ्याचे शिलालेख होते. ह्या रेषेखाली घरे बांधू नयेत असे बजावणारा आनेयोशी येथील दगड प्रसिद्ध आहे. 'तेन्देन्को', म्हणजे ज्याने त्याने स्वतंत्रपणे धाव घ्यावी, हे सूत्रही होते. इतिहासकार यामाशिता फुमिओ ह्यांनी ते १९९० नंतर सर्वत्र पोहोचविले. तरीही भिंती आणि बांध ह्यांच्या भरवशावर सावधपणा उणावला होता. २००४ पासून गुन्मा विद्यापीठाचे काताडा तोशिताका ह्यांनी कामाइशी शहरातील शिक्षकांबरोबर जे काम आरंभिले, त्याचे महत्त्व ह्या पार्श्वभूमीवर समजते. त्यांनी त्सुनामीचा विषय गणितासारख्या नित्याच्या पाठांत गुंफण्यास शिक्षकांना साहाय्य केले. घर ते शाळा ह्या वाटेवरील सुरक्षित जागांचे नकाशे मुलांकडूनच करवून घेतले. आणि शासकीय धोकानकाशावर विसंबू नये, शक्य तितके उंच जावे, पहिले पाऊल स्वतः उचलावे, अशी त्रिसूत्री दिली.

११ मार्च २०११ रोजी तिची कसोटी लागली. उनोसुमाई येथील प्राथमिक शाळा धोकानकाशातील रेषेच्या बाहेर होती, तरीही तेथील मुले शेजारच्या माध्यमिक शाळेतील मुलांना धावताना पाहून इमारत सोडून निघाली. ठरलेली जागा असुरक्षित वाटताच आणखी वर गेली. दोन्ही शाळांच्या इमारती पाण्याखाली गेल्या. शहरात मृत व बेपत्ता मिळून हजाराहून अधिक माणसे गेली. प्राथमिक व माध्यमिक शाळांतील सुमारे ३,००० मुलांपैकी मात्र पाच वगळता सर्व वाचली, आणि ती पाच मुले त्या वेळी शाळेच्या देखरेखीत नव्हती. २००९ मध्ये पूर्ण झालेला बंदराच्या मुखावरील अवाढव्य बांध लाटेला काहीसा अडवून स्वतः मोडला.

त्याच उनोसुमाईत ह्या यशाची दुसरी बाजूही आहे. तेथील आपत्तिनिवारण केंद्र त्सुनामीच्या तातडीच्या आश्रयासाठी नेमलेले नव्हते, पण सरावासाठी सोयीचे म्हणून वापरले जात असे. प्रसंगी लोक तेथेच गेले आणि त्यांतील बहुसंख्य बुडाले. सराव हाही विधीच आहे. तो चुकीचा असला तर त्याची शिकवणही तितक्याच निष्ठेने पाळली जाते. म्हणूनच परंपरेची वेळोवेळी शास्त्रीय तपासणी आवश्यक ठरते. ह्या घटनेला 'चमत्कार' म्हणणेही त्यामुळे योग्य नव्हे. सात वर्षांच्या अध्यापनाचे ते फळ होते.

भारतीय किनारा : पुढील कार्य

भारतात ऑक्टोबर २००७ पासून हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात त्सुनामी पूर्वसूचना यंत्रणा कार्यरत आहे. ऑगस्ट २०२० मध्ये ओडिशातील वेंकटरायपूर आणि नोलियासाही ह्या गावांना युनेस्कोच्या आंतरशासकीय महासागरविज्ञान आयोगाने 'त्सुनामी-सज्ज' म्हणून मान्यता दिली. जलमग्नतेचे नकाशे, सुटकेचे मार्ग, स्थानिक समिती आणि नियमित सराव ह्या तिच्या अटी आहेत. वर्दी किनाऱ्यापर्यंत येण्याची सोय झाली. ती माणसापर्यंत कोणत्या भाषेत आणि कोणत्या रूपबंधात पोहोचते हा प्रश्न उरतो. ओडिशाच्या किनाऱ्यावरील नोलिया मच्छीमार प्रामुख्याने तेलुगूभाषी आहेत, तर राज्यव्यवहाराची भाषा ओडिया आहे. अशा ठिकाणी परिपत्रकाचे भाषांतर पुरेसे होत नाही. लोकांच्या स्वतःच्या कथनप्रकारात विधी रुजवावा लागतो, आणि त्यासाठी ते कथनप्रकार जाणणारा अभ्यासक लागतो.

पश्चिम किनाराही ह्या प्रश्नापासून मुक्त नाही. २८ नोव्हेंबर १९४५ च्या मकरान भूकंपाची त्सुनामी कच्छपासून मुंबईपर्यंत पोहोचली होती, आणि मुंबईतही माणसे वाहून गेल्याच्या नोंदी आहेत. २०१५ मध्ये युनेस्कोने अरबी समुद्राकाठच्या साक्षीदारांच्या मुलाखतींची पुस्तिका प्रसिद्ध केली. भूवैज्ञानिकांनी ह्या वृद्धांच्या आठवणींना पुराव्याचे मोल दिले, कारण लाट कोठवर आली हे सांगणारी अन्य साधने तुटपुंजी होती. कोकणातील कोळीवाड्यांत, खारव्यांच्या आणि गाबितांच्या वस्त्यांत त्या पहाटेविषयी काही सांगितले जाते काय, आणि कोणत्या शब्दांत, ह्याचा पद्धतशीर शोध मराठीच्या अभ्यासकांनी घेणे अगत्याचे आहे. १९४५ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या घरात आहे. लोकसाहित्याच्या संकलनाला कालमर्यादा असते हे सर्वमान्य आहेच. ह्या ठिकाणी ती मर्यादा मोजक्या वर्षांची आहे, आणि तिच्यावर पुढील पिढ्यांचे जीवित काही अंशी अवलंबून आहे.