अल्पाकापालन, अँडीजमधील

दक्षिण पेरू व पश्चिम बोलिव्हियातील ‘पुना’ या थंड, गवताळ पठारांवरील पशुपालन. समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० मीटरच्या वर शेती जेमतेम तग धरते. तेथे केचुआ आणि आयमारा कुटुंबांचा संसार अल्पाका व लामा या उंटाच्या कुळातील पाळीव जनावरांवर चालतो. जगातील बहुतांश अल्पाका एकट्या पेरूत आहेत. पुरुष मजुरीसाठी खाणींकडे वा शहरांकडे गेले, की कळप राखण्यापासून टकळीवर लोकर कातण्यापर्यंतची सारी कामे बायकांवर येतात. गिरण्या रंगवायला सोपी म्हणून पांढऱ्या लोकरीला जास्त भाव देतात. त्यामुळे करडे, तपकिरी, काळे अल्पाका कमी होत गेले. जे उरले, त्यांत घरच्या विणकामासाठी ते राखणाऱ्या स्त्रियांचा वाटा मोठा आहे.

मादी साडेअकरा महिने गाभण राहून एकच पिल्लू देते. पिल्ले तिकडच्या पावसाळ्यात, डिसेंबर ते मार्चमध्ये जन्मतात आणि त्याच दिवसांत चिखलाने भरलेल्या वाडग्यांत आंत्रविषार पसरतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जीवाणूच्या विषाने सकाळी धडधाकट असलेले पिल्लू संध्याकाळपर्यंत दगावू शकते. वाईट वर्षी निम्मी पिल्लेही जातात. औषधाला अवधीच मिळत नाही. पहिल्या काही तासांत चीक पाजणे, नाळेला आयोडीन लावणे, वाडग्याची जागा बदलत राहणे हेच खरे उपाय, आणि ते कळपापाशी असणाऱ्या बाईलाच करता येतात. तरीही पशुआरोग्याचे प्रशिक्षण बराच काळ मुख्यतः पुरुषांना दिले गेले, ही मोठी चूक होय.

दुसरा त्रास खरजेचा. तिच्यावर तार्वी या कडू कडधान्याचे उकळलेले पाणी चोळण्याची जुनी रीत आहे. ही खरूज कळपापुरती राहत नाही. त्याच कुरणावर चरणाऱ्या विकुन्यांना, म्हणजे अल्पाकाच्या रानटी भाऊबंदांनाही ती होते. हेच विकुन्या १९६०च्या दशकात शिकारीमुळे नामशेष होण्याच्या बेतात होते. १९६७मध्ये पेरूत पांपा गालेरास हे राखीव क्षेत्र झाल्यावर त्यांची संख्या सावरली.

मरतूक मोठी असली, की कुटुंब धास्तीपोटी जास्त जनावरे बाळगते आणि त्याचा भार ‘बोफेदाल’ या पाणथळ कुरणांवर पडतो. डिस्टिचियासारख्या गादीसारख्या वनस्पतींनी बनलेली ही कुरणे पावसाचे व बर्फाचे पाणी धरून ठेवतात आणि कोरड्या महिन्यांत खालच्या ओढ्यांना सोडतात. अल्पाकाचे पाय मऊ गादीचे असतात आणि तो गवत उपटत नाही, कापतो. स्पॅनिशांनी आणलेल्या मेंढ्यांच्या खुरांनी मात्र गादी फाटते. कुटुंबे लहान चर खणून पाणी फिरवतात, त्यामुळे कित्येक बोफेदाल माणसाने वाढवलेले आहेत. पण मरतूक घटली, तरच कळप लहान ठेवता येतो; म्हणूनच थोडी पण निरोगी जनावरे हा कुरण राखण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग ठरतो.

कुरणांचे निर्णय गावसभेत होतात. तेथे नोंदणीकृत सदस्य बहुधा पुरुषच असत. पेरूने २०१९च्या कायद्याने शेतकरी समुदायांच्या कार्यकारिणीत स्त्रियांना किमान ३० टक्के जागा अनिवार्य केल्या.