दवंडी आणि दप्तर : संग्रामपूर परिसरातील नोंदींचा इतिहास आणि दोन संगणकीय साधनांची निवड

गावाचा कारभार लेखी होऊ लागला तेव्हापासून त्यात दोन कामे शेजारी शेजारी चालत आली आहेत. जे सर्वांना कळायला हवे ते जाहीर करणे हे एक काम. ज्यावर कोणाचा तरी हक्क किंवा देणे अवलंबून आहे त्याची नोंद ठेवणे आणि वेळ आली की ती रीतसर बदलणे हे दुसरे. पहिल्याचे जुने साधन दवंडी, दुसऱ्याचे दप्तर. आज एखादे कार्यालय किंवा संस्था ‘कन्टेन्ट मॅनेजमेंट सिस्टिम घ्यावी की लो-कोड प्लॅटफॉर्म’ या प्रश्नापाशी येते, तेव्हा वरवर तो यंत्राचा प्रश्न वाटतो. परंतु बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकावरील संग्रामपूर परिसरातील नोंदींचा इतिहास पाहिला, तर हा प्रश्न जुन्याच दोन कामांचा आहे आणि दप्तराचे काम दवंडीच्या पद्धतीने उरकले गेले तेव्हा गोंधळ माजला, असे दिसून येते.

या दोन साधनांचा अर्थ आधी स्पष्ट केला पाहिजे. कन्टेन्ट मॅनेजमेंट सिस्टिम म्हणजे मजकूर, छायाचित्रे, परिपत्रके यांचा साठा करून तो ठरलेल्या मांडणीत संकेतस्थळावर प्रसिद्ध करणारी प्रणाली. प्रोग्रामिंग न येणारा लिपिकही तिच्यात पान लिहू शकतो, बदलू शकतो आणि मुदत संपली की काढून टाकू शकतो. २००१ मध्ये आलेले ड्रुपल आणि २००३ मध्ये आलेले वर्डप्रेस ही तिची सर्वपरिचित उदाहरणे होत. लो-कोड प्लॅटफॉर्म हे साधन वेगळ्या जातीचे आहे. त्यात अर्जाचा नमुना, माहितीचे तक्ते, मंजुरीचे टप्पे आणि कोणत्या टप्प्यावर कोणाचा अधिकार चालेल हे पडद्यावर मांडून, अगदी थोडा कोड लिहून, चालू स्थितीतले उपयोजन तयार करता येते. हे नाव फॉरेस्टर या संशोधन संस्थेने २०१४ मध्ये रूढ केले असले, तरी त्यामागची कल्पना १९८० च्या दशकातील ‘चौथ्या पिढीच्या भाषां’पर्यंत आणि १९९२ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसपर्यंत मागे जाते.

संग्रामपूर तालुका उत्तरेस सातपुड्याच्या रांगांना टेकलेला असून दक्षिणेकडे पूर्णेच्या काळ्या मातीत उतरतो. सोनाळा, टुनकी, पातुर्डा, वरवट बकाल, बावनबीर ही त्यातील परिचित गावे. अंबाबरवा अभयारण्याच्या कडेला कोरकू आणि निहाल वस्त्या. सोळाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाड मुघलांकडे आले तेव्हा सातपुड्यालगतच्या मुलखाचा कारभार नरनाळा सरकारातून चाले. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर निजामाचा अंमल पक्का झाला, तरी पुढे नागपूरकर भोसल्यांचाही वसुलीत वाटा असल्याने एकाच गावाच्या उत्पन्नावर दोन सत्तांचा हक्क चालत असे, ज्याला ‘दुअंमल’ म्हणत. संग्रामपूरपासून फार दूर नसलेल्या अडगावच्या १८०३ मधील लढाईने आणि त्यानंतरच्या देवगावच्या तहाने भोसल्यांचा वर्धेच्या पश्चिमेकडील हा हक्क संपला.

सत्ता बदलत राहिल्या, परंतु गावपातळीवरची विभागणी टिकून राहिली. वसुलीची आणि बंदोबस्ताची जबाबदारी पाटलाची. हिशेब लिहिण्याचे काम पांड्याचे, म्हणजे इतरत्र ज्याला कुलकर्णी म्हणत आणि पुढे वऱ्हाडात पटवारी म्हणू लागले त्याचे. आणि गावभर फिरून हुकूम ऐकवण्याचे काम महाराचे, जे पुढे कोतवालाकडे आले. दवंडी पिटणाऱ्याला हुकमातला शब्द बदलण्याचा अधिकार नसे. त्याचे यश इतकेच की प्रत्येक घरापर्यंत आवाज पोचला. दप्तर लिहिणाऱ्याकडे मात्र लेखणी होती, आणि तिच्या एका फटकाऱ्याने जमीन या नावावरून त्या नावावर जाऊ शकत असल्यामुळे त्याच्या लिखाणावर कोणाचा तरी पहारा असणे अपरिहार्य होते.

हा पहारा बसवण्याचा पद्धतशीर प्रयत्न १८५३ नंतर सुरू झाला. त्या वर्षीच्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात दिले. १८६१ च्या सुमारास मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी सुरू होऊन शेतांना सर्व्हे नंबर पडले, प्रत्येक नंबरावर सरकारी सारा, म्हणजे ‘आकार’, ठरवला गेला आणि खातेदाराचे नाव त्या नंबराशी बांधले गेले. १८९६ च्या वऱ्हाड जमीन महसूल संहितेने या व्यवस्थेला कायद्याचे रूप दिले, आणि १९०० च्या वऱ्हाड पाटील व पटवारी कायद्याने या वतनी अधिकाऱ्यांच्या नेमणुका, कर्तव्ये आणि शिक्षा यांचे नियम घातले. १९०३ मध्ये वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताशी जोडला गेला, आणि १९०५ च्या फेररचनेत जळगाव तालुका अकोला जिल्ह्यातून बुलढाण्याकडे आला. आजचा संग्रामपूर तालुका पुढे याच जुन्या जळगाव तालुक्यातून वेगळा झाला. पटवारी वंशपरंपरेने काम करीत असल्यामुळे दप्तर बहुधा त्याच्या घरात राही. खुणा, संक्षेप, मोडीतले वळण आणि जुन्या नोंदींचे संदर्भ त्यालाच उमगत. सरकारला हवा असलेला कागद सरकारचा, पण त्याचा उलगडा घराण्याचा, अशी ही अवस्था होती.

१९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आल्यानंतर या साऱ्या प्रदेशाला एकच कायदा लागू झाला, तो महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. गावाच्या महसुली हिशेबाचे नमुने आता राज्यभर एकसारखे झाले. गाव नमुना ७ हे अधिकार अभिलेखाचे पत्रक आणि गाव नमुना १२ ही पिकांची नोंदवही, आणि दोन्ही मिळून शेतकऱ्याच्या तोंडी असलेला सातबारा. गाव नमुना ८-अ म्हणजे खातेदाराचा खाते उतारा. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही, ज्यात विक्री, वारसा, वाटणी, बोजा अशा प्रत्येक बदलाची नोंद आधी होते आणि ती प्रमाणित झाल्यावरच सातबाऱ्यावर उतरते.

या संहितेचे १५० वे कलम बारकाईने वाचण्याजोगे आहे, कारण दवंडी आणि दप्तर या दोन्हींची गाठ त्यात एकाच ठिकाणी मारलेली आहे. हक्क बदलल्याची खबर आली की वतनी पटवाऱ्याच्या जागी आलेल्या तलाठ्याने ती फेरफार नोंदवहीत लिहावी. त्याच वेळी त्या नोंदीची संपूर्ण प्रत चावडीत ठळक जागी लावावी. आणि ज्यांचे हितसंबंध गुंतलेले दिसतात त्यांना लेखी कळवावे. हरकत आली तर तलाठ्याने तिची पोच द्यावी आणि ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना ६-अ मध्ये, लिहावी; निर्णय वरच्या अधिकाऱ्याने द्यावा, आणि हरकत नसलेली नोंदही मंडळ अधिकाऱ्याने तपासून प्रमाणित करावी. चावडीवरचा कागद वाऱ्याने उडाला तर दुसरा लावता येतो, परंतु नोंदवहीतली ओळ खोडता येत नाही. चुकली तरी ती तशीच राहते आणि दुरुस्ती नव्या नोंदीने होते. या एका फरकातच दोन संगणकीय साधनांमधला भेद सामावलेला आहे. प्रसिद्ध मजकुराला ताजेपणा लागतो, हक्काच्या नोंदीला क्रम लागतो.

संगणकाचा प्रवेश झाला तेव्हा हा भेद काही काळ नजरेआड गेला. भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रीय योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि महाराष्ट्रातून त्यासाठी विदर्भातलाच वर्धा जिल्हा निवडला गेला. पुढे राज्यभर हस्तलिखित सातबारे संगणकात टंकून घेण्याचे काम झाले. परंतु टंकलेला सातबारा ही त्या दिवशीच्या कागदाची प्रत होती. त्यामागची फेरफाराची साखळी तिच्याबरोबर आली नव्हती. क्षेत्र चुकले, नाव गळले, बोजा राहिला, अशा चुकांनी संगणकीय उतारा आणि हस्तलिखित उतारा यांत तफावत पडली आणि ती काढण्यासाठी राज्याला ‘एडिट मॉड्यूल’सारखी स्वतंत्र सोय करून पुन्हा ताळमेळ घालावा लागला. २०१७ मध्ये संगणकीकृत सातबाऱ्यांचे गावोगाव चावडी वाचन झाले, म्हणजे उतारे लोकांसमोर मोठ्याने वाचून हरकती घेतल्या गेल्या. दप्तराची खातरजमा करण्यासाठी दवंडीच्या काळची रीत पुन्हा वापरावी लागली, ही गोष्ट प्रशासनाच्या इतिहासात नोंद घेण्याजोगी आहे.

ई-फेरफार या प्रणालीने ती साखळी संगणकातच बांधली. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला की त्याची माहिती तलाठ्याकडे पोचते, तलाठी फेरफार घेतो, नमुना ९ ची नोटीस निघते, हरकतीची मुदत जाते आणि मंडळ अधिकारी प्रमाणित करतो तेव्हा सातबारा आपोआप बदलतो. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांना ऑनलाइन मिळू लागला. ही प्रणाली लो-कोड नव्हे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, प्रोग्रामरांनी ती या एकाच कामासाठी घडवली, कारण कायद्याने बारीकसारीक टप्पे ठरवलेल्या आणि कोट्यवधी नोंदी असलेल्या कामाला तयार साच्यात बसवणे धोक्याचे ठरले असते. दोन पर्यायांतून निवड करताना असा तिसरा पर्यायही असतो, याचे हे मोठे उदाहरण होय.

दोन्ही साधने एकमेकांशेजारी दिसतात ती पंचायतींच्या कारभारात. महाराष्ट्रात २०११ मध्ये संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र हा प्रकल्प सुरू होऊन ग्रामपंचायतींत संगणक आणि चालक आले, आणि २०१६ मध्ये त्याची जागा ‘आपले सरकार सेवा केंद्र’ या रचनेने घेतली. त्याच दशकात केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने पंचायतींसाठी उपयोजनांचा जो संच दिला, त्यात नॅशनल पंचायत पोर्टल हे प्रत्येक पंचायतीला स्वतःचे संकेतस्थळ चालवू देणारे कन्टेन्ट मॅनेजमेंटचे साधन होते, तर सर्व्हिसप्लस ही दाखले व परवाने देण्याची चौकट होती, जिच्यात अर्जाचे रकाने, जोडायची कागदपत्रे, तपासणीचे टप्पे आणि स्वाक्षरीचा अधिकार कोड न लिहिता ठरवता येत. हरियाणाचे सरल आणि कर्नाटकाचे सेवा सिंधू याच चौकटीवर उभे राहिले. एकाच मंत्रालयाने एकाच पंचायतीला दोन वेगळी साधने दिली, यावरून ती परस्परांची जागा घेणारी नसून दोन वेगळ्या गरजांना दिलेली उत्तरे आहेत, हे उघड होते.

या दोन गरजा दोन कायद्यांनीही स्वतंत्रपणे मांडल्या आहेत. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचे चौथे कलम प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाला आपली रचना, अधिकार, नियम, अंदाजपत्रक ही माहिती कोणी मागण्याची वाट न पाहता प्रसिद्ध करण्यास आणि ती वेळोवेळी अद्ययावत ठेवण्यास सांगते. हे सरळसरळ कन्टेन्ट मॅनेजमेंटचे काम आहे, आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांसाठी एनआयसीने तयार केलेला एसथ्रीवास हा साचा तेच करतो. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याने मात्र अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क दिला. तेथे पदनिर्देशित अधिकारी, प्रथम अपील, द्वितीय अपील अशी पायरी लागते, अर्ज कोणाच्या टेबलावर किती दिवस पडून आहे हे मोजावे लागते, आणि हे काम पाने प्रसिद्ध करणाऱ्या प्रणालीला साधत नाही.

संग्रामपूरच्या उत्तरेकडील आदिवासी गावांचे वनहक्क दावे हे या दोन गरजांतील फरकाचे चांगले उदाहरण ठरते. २००६ च्या कायद्यानुसार दावा ग्रामसभेपुढे येतो, वनहक्क समिती जागेवर पडताळणी करते, ग्रामसभा ठराव करते, तो उपविभागस्तरीय समितीकडे जातो आणि जिल्हास्तरीय समिती अंतिम निर्णय देते. नाकारल्यास कारण कळवावे लागते आणि दाद मागण्याची संधी द्यावी लागते. कायद्याची माहिती, कोऱ्या अर्जाचे नमुने, सभेच्या तारखा, मंजूर दाव्यांची यादी यांना चांगले संकेतस्थळ पुरेसे आहे. दावा मात्र टप्प्याटप्प्याने पुढे सरकतो आणि प्रत्येक टप्प्यावर कोणी काय केले हे मागाहून दाखवता आले पाहिजे. हे काम संकेतस्थळावरच्या एका अर्जात आणि जोडलेल्या पीडीएफमध्ये बसवले, तर अर्ज पोचतो, पण त्याचे पुढे काय झाले याचे उत्तर कोणत्याच कागदावर राहत नाही. उलट, महिन्यातून चार सूचना लावण्यासाठी लो-कोड प्लॅटफॉर्मचा परवाना घेणे म्हणजे दवंडीसाठी पटवारी नेमण्यासारखे होय.

कामाचे स्वरूप ओळखल्यानंतरही लो-कोडच्या बाबतीत एक प्रश्न उरतो, आणि तो वऱ्हाडाच्या वतनी पटवाऱ्याने शंभर वर्षांपूर्वीच उभा केला होता. मुक्त स्रोताच्या कन्टेन्ट मॅनेजमेंट सिस्टिममधला मजकूर एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेणे तुलनेने सोपे असते, कारण त्यात मुख्यतः पाने असतात. लो-कोडमध्ये मात्र नोंदींबरोबर नियमही प्लॅटफॉर्मच्या आतच राहतात. मंजुरीची पायरी, मुदतीचा हिशेब, कोणाला काय दिसावे याची मांडणी त्या कंपनीच्या पद्धतीने लिहिलेली असते, आणि करार संपला की तक्ते परत मिळतात, पण त्यांचा उलगडा मिळेलच असे नाही. दप्तर घराण्याच्या हातून काढून चावडीत आणि तहसिलीत आणायला सरकारला मोजणी, संहिता, पटवारी कायदा आणि शेवटी वतनांची समाप्ती इतके सारे करावे लागले. म्हणून लो-कोड निवडणाऱ्या कार्यालयाने खरेदीच्या करारातच नियमांची मांडणी साध्या मराठीत लिहून आपल्याकडे ठेवणे, नोंदी सर्वमान्य स्वरूपात बाहेर काढण्याची अट घालणे आणि प्रत्येक फेरबदलाचा इतिहास प्लॅटफॉर्मबाहेरही जतन करणे, ही खबरदारी घेतली पाहिजे. जेथे ही अट मान्य होत नाही, तेथे काम कितीही झटपट होत असले तरी ते दप्तर कार्यालयाचे राहत नाही.