चित्रणाबरोबरच संपादन : सोय आणि मर्यादा
चित्रण संपण्याआधीच त्याच फाइलवर संपादन सुरू करण्याची पद्धत क्रीडासामने व विधानसभेच्या कामकाजाच्या वार्तांकनात वेळ वाचवते. मात्र तिला निश्चित मर्यादा आहेत.

नेहमीच्या एमपी४ फाइलमध्ये कोणती फ्रेम कोठे आहे हे सांगणारी सूची, म्हणजे ‘मूव्ह’ हा विभाग, साधारणतः चित्रण थांबल्यावरच लिहिला जातो. तोपर्यंत संपादन-प्रणालीला फाइल वाचता येत नाही. मध्येच वीज गेल्यास दृश्ये डिस्कवर असूनही फाइल उघडत नाही. म्हणून अशा कामासाठी टप्प्याटप्प्याने सूची लिहिणारे एमएक्सएफ किंवा खंडित एमपी४ हे प्रकार वापरले जातात.

तरीही संपादकास शेवटच्या नोंदीपर्यंतचाच भाग दिसतो. ताजे काही सेकंद मागे राहतात. लाँग-जीओपी संक्षेपणात अनेक फ्रेम शेजारच्या फ्रेमवर अवलंबून असल्याने अपुरा गट पूर्णपणे उलगडता येत नाही. एकाच डिस्कवर लेखन व वाचन एकदम चालल्यास फ्रेम गळण्याचा धोका असतो.

संपादनातील चूक सुधारता येते, गळलेला क्षण परत मिळत नाही. त्यामुळे कॅमेऱ्याच्या कार्डावर स्वतंत्र प्रत ठेवणे अत्यावश्यक ठरते.