गायीचं औषध, मेंढ्याचं विष



पोळ्यानंतर चौथ्या दिवशी माझा एक मेंढा मेला. दोन मेंढे दावणीला बांधून पोसत होतो, चार पैसे होतील म्हणून. चार महिने गायीबरोबर त्यांनाही पेंड आणि वरून गायीचंच खनिज मिश्रण मूठमूठ टाकत होतो. गायीला चांगलं ते मेंढ्याला वाईट कसं होईल? त्या दिवशी सकाळी बघतो तर डोळे हळदीसारखे पिवळे, लघवी काळ्या चहासारखी. डॉक्टर येईपर्यंत संपला. त्यांनी पोट उघडून दाखवलं, मूत्रपिंडं काळी पडलेली. म्हणाले, "दादा, हा तांब्यानं मेला."

गायीच्या मिश्रणात तांबं असतं, तिला ते लागतंच. पण मेंढीला जास्तीचं तांबं बाहेर टाकता येत नाही. ते यकृतात साठत जातं. आपल्याकडं पेवात ज्वारी भरायचे तसं महिनोन्महिने भरतं आणि एक दिवस पेव फुटतं. सगळं तांबं रक्तात उतरतं, रक्ताच्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ होते. तोवर मेंढा ठणठणीत दिसतो, हीच खरी फसगत.

तेव्हापासून रात्री जेवण झालं की याचंच वाचत बसलोय. मी दहावी पास माणूस, कुठं चुकलो तर पेजवरच्या कृषी आणि पशुवैद्यकीयवाल्यांनी कान धरावा.

इंग्लंडात सॉमरसेट म्हणून भाग आहे. तिथल्या काही कुरणांत गाई सोडल्या की हगवण लागायची, अंगावरचे केस भुरे पडायचे, दूध आटायचं. शेजारच्या कुरणात मात्र काही नाही. शेतकऱ्यांना शंभर वर्षांहून जास्त काळ ठाऊक होतं की ही जमीन वाईट, पण का वाईट ते कळत नव्हतं. 1938 साली फर्ग्युसन, लुईस आणि वॉटसन या तिघांनी शोधलं की तिथल्या गवतात मॉलिब्डेनम जास्त आहे, आणि ते जनावराच्या अंगी तांबं लागू देत नाही. उपाय काय, तर रोज थोडं मोरचूद. आपण द्राक्षावर, डाळिंबावर बोर्डोत मारतो तेच. म्हणजे तिथल्या गायीचं औषध आणि माझ्या मेंढ्याचं विष एकच निघालं. उलटंही खरं आहे. माझ्या दुसऱ्या मेंढ्याला डॉक्टरांनी मॉलिब्डेनमचंच औषध चालू केलंय, साठलेलं तांबं बाहेर काढायला.

दुसरी गोष्ट ऑस्ट्रेलियाची. पश्चिमेला डेन्मार्क नावाचं गाव आहे (देश वेगळा, हे गाव वेगळं). तिथं गुडघाभर गवतात गुरं खंगून मरायची. रक्त कमी दिसलं म्हणून लोखंड असलेली माती चारली, गुरं सुधारली. सगळ्यांना वाटलं लोखंडच कमी होतं. अंडरवुड आणि फिल्मर या दोघांना शंका आली, कारण लोखंड फार मोठ्या प्रमाणात द्यावं लागत होतं. त्यांनी त्या मातीतलं लोखंड काढून टाकलं आणि उरलेलं चारलं, तरी गुरं सुधारली! 1935 मध्ये कळलं की गुण लोखंडाचा नव्हताच, त्यातल्या किंचित कोबाल्टचा होता. पुढं 1948 ला बी-12 जीवनसत्त्व हाती आलं आणि त्यातच कोबाल्ट सापडलं. गायीच्या पोटातले जिवाणू कोबाल्टपासून ते जीवनसत्त्व बनवतात.

पण मला सगळ्यात जवळची वाटली ती दर्शीची गोष्ट. दर्शी तेव्हा मद्रास इलाख्यात, नेल्लोर जिल्ह्यात. तिथल्या शेतकऱ्यांच्या लक्षात आलं की औताचे बैल चालेनात. सांधे आखडलेले, बैल लंगडायचा, जू मानेवर घेतलं की पाऊल उचलायचं नाही. आपल्याकडं असं झालं असतं तर वय झालं म्हणून बाजार दाखवला असता. पुढं माणसंही तशीच वाकायला लागली. 1937 साली शॉर्ट, चिंतामण गोविंद पंडित आणि राघवाचारी यांनी नेल्लोरचा हा रोग छापून मांडला. कारण विहिरीच्या पाण्यातलं फ्लोराइड. थोडं असलं तर दाताला बरं, जास्त झालं तर दात पिवळे-तपकिरी आणि हाडं कडक, ठिसूळ. रोग आधी बैलांनी सांगितला, माणसाचं नंतर कळलं. हेच पंडित पुढं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पहिले संचालक झाले.

हे लांबचं वाटेल, पण नाही. फ्लोराइडसाठी पुढं गाजलेला नलगोंडा जिल्हा आणि आपला जिल्हा एकाच निजामी राज्यात होते. तुरटी आणि चुना वापरून पाण्यातलं फ्लोराइड काढायच्या पद्धतीला नलगोंड्याचंच नाव आहे, आणि ती नागपूरच्या नीरी संस्थेनं बसवली. आजही नांदेडचा किनवट भाग, यवतमाळ, चंद्रपूर इथं हा त्रास आहे. आपल्या काळ्या पाषाणात तो तुलनेनं कमी, जुन्या ग्रॅनाइटसारख्या खडकात जास्त. पण 72 च्या दुष्काळानंतर आपण आड-विहिरी सोडून खोल बोअरमागं लागलो. मी तेव्हा रांगत होतो. वडील सांगायचे, गावात बोअरचं मशीन आलं तेव्हा जत्रा भरली होती. खोलातलं पाणी खडकात जास्त काळ मुरलेलं असतं, त्यात जास्त क्षार उतरतात. माणसासाठी हद्द लिटरला दीड मिलिग्रॅमची. आपण आरओचं पाणी विकत आणतो आणि बैलाला बोअरचं पाजतो!

आपल्या जमिनीचा रोग वेगळा. चुनखडीच्या काळ्या रानात जस्त असलं तरी पिकाला उचलता येत नाही. पिकात कमी म्हणजे कडब्यात कमी, कडब्यात कमी म्हणजे गायीत कमी. 1955 ला अमेरिकेत टकर आणि सॅल्मन यांनी डुकरांवर दाखवलं, की कातडी जाड होऊन खपल्या धरतात ते जस्ताच्या कमतरतेनं, आणि खाण्यात कॅल्शियम जास्त झालं की ती कमतरता वाढते. मग गाय उलटली, खूर वाढले की लगेच कॅल्शियमची बाटली आणणारे आपण नेमकं काय करतो? मी स्वतः हेच केलंय, म्हणून विचारतो.

सध्या असं केलंय. गायीच्या मिश्रणाचा डबा वर फळीवर, मेंढ्याच्या गव्हाणीत त्यातलं काही नाही, त्याची पेंडही बंद. नवीन पिशवी घेताना मेंढ्यांसाठी वेगळी आहे का ते विचारायचं, आणि मागं छापलेला तांब्याचा आकडा दुकानदाराकडून वाचून घ्यायचा. बोअरचं पाणी धुतलेल्या बाटलीत भरून भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत दिलंय. दुसरा मेंढा आज सकाळी उठून कडबा खात होता, डोळे अजून थोडे पिवळसर आहेत. पाण्याचा अहवाल आला की इथंच फोटो टाकतो.