नळीवरचं वाचा, मग 'रझाकाराचं रिव्हॉल्वर' म्हणा

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या आपल्या पट्ट्यातल्या जुन्या वाड्यांत एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. आजोबांकडं रिव्हॉल्वर होतं, आणि ते 'रझाकाराकडून हिसकावलेलं' होतं. कुठं ते 'निजामाच्या फौजेतलं' असतं, तर कुठं 'विमानातून आलेलं'. यातलं खरं किती, ते पुष्कळदा त्या हत्याराच्या नळीवरच लिहिलेलं असतं.

या गोष्टींना पाया नाही असं नाही. 1948 मध्ये हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि रझाकारांची दहशत गावोगाव होती. गोरट्याचं नाव काढलं की आजही म्हातारी माणसं गप्प होतात. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक त्याच साली कराचीहून लँकास्ट्रियन विमानांतून संस्थानात हत्यारं उतरवत होता. बीदरची धावपट्टी त्यात होती. मग 13 ते 17 सप्टेंबरला पोलीस ॲक्शन झाली. पुढं 1956 ला बीदर, भालकी म्हैसूर राज्यात गेलं, उदगीर, निलंगा मुंबई राज्यात. सोयरे दोन राज्यांत वाटले गेले आणि घरांची कागदपत्रंही.

आमच्या आजोबांचं रिव्हॉल्वर ते गेल्यावर रीतसर ठाण्यात जमा झालं होतं. वारसांनी काय करायचं यावर घरात दोन तट पडले. मोठे काका म्हणायचे, "ते हिसकावलेलं आहे. नाव काढू नका, मोडीत जाऊ द्या." आत्या म्हणायची, "बापाची एवढीच वस्तू उरली आहे." शेवटी परवानगी घेऊन, ओळखीच्या एका निवृत्त आर्मररसोबत, ठाण्यात जाऊन ते बघितलं. त्यांनी जे शिकवलं ते इथं मांडतो.

आपल्याकडच्या जुन्या घरांत बहुधा इंग्लंडच्या वेब्ली कंपनीची डबल ॲक्शन रिव्हॉल्वरं सापडतात. डबल ॲक्शन म्हणजे घोडा हातानं ओढावा लागत नाही. चाप दाबला की घोडा मागं जातो, गोळ्यांचं चाक फिरतं आणि बार उडतो. वेब्ली मधून मोडतं, आणि त्याची नळी व वरची पट्टी एकाच तुकड्याची असते. म्हणून नळी बदलली की पट्टीवरचा शिक्काही बदलतो. सांगाडा जुना आणि नळी नवी, असंही हत्यार निघतं.

पहिली गोष्ट लांबी. रिव्हॉल्वरची नळी मोजताना चाक धरायचं नाही. चाकाच्या पुढच्या कडेपासून तोंडापर्यंत मोजायचं. 1887 च्या मार्क 1 पासून मार्क 5 पर्यंतच्या .455 बोअरच्या लष्करी वेब्लीची नळी बहुतेक 4 इंची. 1915 चा मार्क 6 आला तो 6 इंची. दुसऱ्या महायुद्धातल्या .38 च्या वेब्ली आणि एनफिल्डची नळी साधारण 5 इंची; त्या वेब्लीवर घाईच्या कामाचा 'वॉर फिनिश' असा ठसा असतो. खिशातलं .32 चं वेब्ली 3 इंची.

पण नुसत्या लांबीवर जाऊ नये. पहिल्या महायुद्धात काही जुन्या सांगाड्यांवर 6 इंची नळ्या चढवल्या गेल्या. उलट, कुणी 6 इंची नळी कापून आखूडही केलेली असते. मार्क 6 चा शिक्का आणि नळी 4 इंची दिसली तर तोंडाकडं नीट बघा. पुढची मक्खी मागाहून डकवलेली असेल, तर ती कानसेची करामत.

दुसरी गोष्ट ठसे. सरकारी मालावर बाणाचं टोक असतं. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर सरकारनं ते विकून टाकलेलं. बाणच नसेल आणि बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे मुकुटाखाली अक्षरं असलेले ठसेच तेवढे असतील, तर माल खाजगी विक्रीचा. त्यात 'एनपी' ही अक्षरं असतील तर तो 1904 नंतरचा.

आमच्या रिव्हॉल्वरची नळी 3 इंची, बोअर .32. बाण कुठंच नाही. बर्मिंगहॅमचे ठसे, आणि वरच्या पट्टीवर 'आर्मी अँड नेव्ही सी. एस. एल.'. हे दुकानाचं नाव. त्यांची मुंबईची इमारत काळा घोड्याजवळ आजही उभी आहे. म्हणजे फौजेसाठी बनलेला हा माल नव्हेच. पण ते रझाकाराच्या हातात कधी नव्हतं, हे नळी सांगू शकत नाही. नळी जात आणि काळ सांगते, मालक सांगत नाही. त्यासाठी ट्रंका उपसल्या, तेव्हा संस्थानाचा उर्दूतला परवाना निघाला. आजोबांच्या नावाचा, ॲक्शनच्या आधीचा, आणि क्रमांक सांगाड्यावरचाच. काका बराच वेळ तो कागद धरून बसले. "भीतीपोटी घेतलं होतं म्हणायचं," एवढंच बोलले. शौर्याची गोष्ट गेली, पण बापावरचा चोरीचा संशयही गेला. पुढं आत्याच्या मुलानं वारस म्हणून अर्ज केला.

बोअर का महत्त्वाचा, तेही सांगतो. .38 आणि .455 ही आपल्याकडं प्रतिबंधित बोअर; .32 साध्या परवान्यात बसतं. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 6 प्रमाणं परवान्याशिवाय नळी आखूड करणं गुन्हा आहे, आणि कलम 8 प्रमाणं ओळखखुणा खोडता येत नाहीत आणि त्या नसलेलं हत्यार विकता किंवा दुसऱ्याला देता येत नाही. म्हणून गंज काढायच्या नादात नळीवर पॉलिश पेपर फिरवू नका. ठसे गेले की पुरावाही गेला.

तुमच्या घरचं असं काही ठाण्यात किंवा बंदूकवाल्याकडं जमा असेल, तर मोडीत निघायच्या आधी एकदा परवानगीनं बघून या. लांबी, बोअर, ठसे वहीत उतरवा. क्रमांक मात्र इथं टाकू नका. आणि जुन्या ट्रंकेतला उर्दू कागद रद्दीत घालायच्या आधी वाचणारं माणूस शोधा.