प्रश्नापासून साधनापर्यंत : कोल्हापूर परिसरातील संदर्भसेवेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

ग्रंथालयांचा इतिहास सामान्यतः ग्रंथसंख्या, इमारती आणि देणगीदार यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. वाचकाने ग्रंथपालास कोणता प्रश्न विचारला आणि त्यास कोणते साहाय्य मिळाले, याची नोंद सहसा राहत नाही. वस्तुतः संशोधकाच्या दृष्टीने ग्रंथालयाचे मोल या साहाय्यातच सामावलेले असते. ग्रंथालयशास्त्रात त्यास ‘संदर्भसेवा’ असे म्हणतात. गेल्या पंचवीस वर्षांत ही सेवा ग्रंथपालाच्या टेबलावरून ई-मेल, संकेतस्थळ आणि भ्रमणध्वनीपर्यंत पोहोचली आहे. प्रस्तुत निबंधात कोल्हापूर परिसराच्या संदर्भात या स्थित्यंतराचा आढावा घेतला असून, साधने घरबसल्या उपलब्ध झाल्यानंतर ग्रंथपालाच्या साहाय्याची गरज कमी झाली काय, या प्रश्नाचा विचार केला आहे.

ग्रंथालय परंपरा आणि १९४५ चा कायदा

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रात ‘नेटिव्ह लायब्ररी’ या नावाने ग्रंथालये उभी राहू लागली. रत्नागिरी येथे १८२८ मध्ये, पुणे येथे १८४८ मध्ये आणि कोल्हापूर येथे १८५० मध्ये अशी ग्रंथालये स्थापन झाली. कोल्हापूरची ही संस्था आज ‘करवीर नगर वाचन मंदिर’ या नावाने ओळखली जाते. पुढे १८८० मध्ये राजाराम महाविद्यालय सुरू झाले आणि उच्चशिक्षण घेणारा नवा वाचकवर्ग या नगरात निर्माण झाला.

कोल्हापूरचे त्याहून महत्त्वाचे स्थान कायद्याच्या इतिहासात आहे. १९४० मध्ये राजाराम महाराजांचे निधन झाल्यानंतरच्या कालखंडात, १९४५ मध्ये, कोल्हापूर संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांविषयी कायदा केला. भारतातील हा पहिला ग्रंथालय कायदा मानला जातो. मद्रास प्रांताचा सुप्रसिद्ध कायदा त्यानंतर तीन वर्षांनी, म्हणजे १९४८ मध्ये झाला. तथापि १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्यामुळे या कायद्यास रुजण्यास पुरेसा अवधी मिळाला नाही. पुढे १९६७ मध्ये महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम अस्तित्वात आला. त्याने मद्रासप्रमाणे ग्रंथालय कराची तरतूद न करता संस्थाचालित ग्रंथालयांना वर्गवारीनुसार अनुदान देण्याचा मार्ग स्वीकारला. ग्रंथालय ही समाजाची गरज आहे, हे या दोन्ही कायद्यांनी मान्य केले. परंतु ग्रंथालयात आलेल्या वाचकाला साहाय्य कोणी व कसे करावे, हा प्रश्न कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिला.

संदर्भसेवेची संकल्पना

वाचकास व्यक्तिगत साहाय्य करणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य होय, हा विचार अमेरिकेत सॅम्युअल ग्रीन यांनी १८७६ मध्ये पद्धतशीरपणे मांडला. मराठी भाषकांच्या दृष्टीने या विचारप्रवाहाशी जवळचा संबंध आला तो बडोद्यात. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे उभारण्यास प्रारंभ केला. पेट्यांमधून गावोगाव ग्रंथ पाठविणारी फिरती ग्रंथालये हा त्याचाच भाग होता. वाचक ग्रंथालयापर्यंत येऊ शकत नसेल तर ग्रंथालयाने वाचकापर्यंत जावे, ही त्यामागील भूमिका होती. आजच्या ऑनलाइन सेवेचे बीज या भूमिकेत दिसते.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्याचा आग्रह धरते. रंगनाथन यांनी संदर्भसेवेस ग्रंथालयाच्या कार्यात केंद्रस्थानी ठेवले. वर्गीकरण आणि तालिकीकरण ही कामे अखेर या सेवेसाठीच करावयाची असतात, ही त्यांच्या विचारामागील दृष्टी होय.

कोल्हापूरची साधने आणि मार्गदर्शकाची निकड

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे स्वतः इतिहास संशोधक होते. ताराबाईकालीन कागदपत्रांचे त्यांनी केलेले संपादन सर्वश्रुत आहे. विद्यापीठाचे बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आणि शासनाचे कोल्हापूर पुराभिलेखागार यांमुळे हे नगर संस्थानी इतिहासाच्या अभ्यासाचे एक प्रमुख केंद्र ठरले.

या साधनांचे स्वरूप लक्षात घेतल्यास ग्रंथपालाच्या व अभिलेखपालाच्या साहाय्याची निकड स्पष्ट होते. रुमालांत बांधलेले जुने दप्तर मोठ्या प्रमाणावर मोडी लिपीत आहे. त्यातील कालगणनाही एकच नाही. शक, फसली आणि सुहूर असे भिन्न सन त्यात आढळतात. इसवी सन काढण्यासाठी दक्षिणेतील फसली सनात ५९० किंवा ५९१, तर सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. एक सन दुसरा समजला गेल्यास कागद सुमारे नऊ वर्षांनी मागेपुढे होतो आणि त्यावर आधारलेला निष्कर्ष कोसळतो.

शब्दांची अडचणही तितकीच मोठी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांतील रिक्त जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा आदेश काढला. आजचा विद्यार्थी ‘आरक्षण’ या शब्दाने त्याचा शोध घेऊ लागतो. शतकापूर्वीच्या कागदपत्रांत आजची परिभाषा सापडेलच असे नाही. इंग्रजी कागदपत्रांत तर कोल्हापूर या नावाचीच निरनिराळी वर्णलेखने आढळतात. कोणत्या शब्दाने, कोणत्या खात्याच्या दप्तरात आणि कोणत्या राजपत्रात पाहावे, हे जाणकार व्यक्तीच सांगू शकते. संस्थानाचा ब्रिटिश सत्तेशी झालेला पत्रव्यवहार मुंबई आणि लंडन येथील अभिलेखांतही शोधावा लागतो. म्हणजेच कोल्हापूरचा इतिहास लिहिण्यासाठी केवळ कोल्हापुरातील साधने पुरत नाहीत.

संगणकयुगातील स्थित्यंतर

१९८८ मध्ये दिल्लीत डेलनेट हे ग्रंथालयांचे जाळे सुरू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाचा इन्फ्लिबनेट हा कार्यक्रम १९९१ मध्ये सुरू होऊन १९९६ मध्ये त्यास स्वायत्त केंद्राचा दर्जा मिळाला. ऑगस्ट १९९५ पासून भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा उपलब्ध झाली. २००४ पासून विद्यापीठांना ई-नियतकालिके मिळू लागली आणि २०१० मध्ये एन-लिस्ट योजनेद्वारे महाविद्यालयांनाही हा मार्ग खुला झाला. तालुक्याच्या ठिकाणच्या प्राध्यापकास विद्यापीठाच्या फेऱ्या न मारता लेख वाचता येऊ लागला, ही या योजनेची मोठी देणगी होय.

२००९ च्या विनियमांनंतर प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात सादर करण्याची पद्धत रूढ झाली आणि ‘शोधगंगा’ हा प्रबंधसंग्रह आकारास आला. २०१८ च्या विनियमांनी वाङ्मयचौर्यास प्रतिबंध करण्याची व्यवस्था निश्चित केली. प्रबंधाची साम्यतपासणी हे काम अनेक ठिकाणी ग्रंथालयाकडे आले. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील उच्चशिक्षण संस्थांसाठी ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना अमलात आली असून तीत सुमारे १३,००० नियतकालिकांचा समावेश आहे.

या घटनाक्रमातील एक विसंगती लक्षणीय आहे. संशोधनाच्या अखेरीस ग्रंथपालाची भूमिका औपचारिक झाली; संशोधनाच्या प्रारंभी, विषय आकार घेत असताना, ती ऐच्छिकच राहिली. तपासणीसाठी ग्रंथपालाकडे जाणारा विद्यार्थी विषयनिवडीच्या वेळी त्याच्याकडे गेलाच असेल असे नाही.

ऑनलाइन संदर्भसेवा : स्वरूप आणि मर्यादा

अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००० मध्ये अन्य ग्रंथालयांच्या सहकार्याने इंटरनेटद्वारे प्रश्नोत्तरांचा प्रयोग सुरू केला. २००२ मध्ये ओसीएलसी या संस्थेसह त्याचे ‘क्वेश्चनपॉइंट’ या सेवेत रूपांतर झाले. एका ग्रंथालयास उत्तर देता न आल्यास प्रश्न दुसऱ्या, अधिक जाणकार ग्रंथालयाकडे पाठवावा, हे तिचे तत्त्व होते. आज जगातील अनेक मोठी ग्रंथालये दूरस्थ संशोधकांच्या लेखी प्रश्नांना उत्तरे देतात. भारतात मार्च २०२० मधील टाळेबंदीच्या काळात ग्रंथालयांची दारे बंद झाली, तेव्हा ई-मेल व व्हॉट्सॲप हेच वाचक आणि ग्रंथपाल यांच्यातील दुवे ठरले.

तथापि ऑनलाइन सेवेस दोन मर्यादा आहेत. पहिली तांत्रिक होय. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिची ऑनलाइन तालिका कित्येक आठवडे बंद पडली. इंडिया ऑफिसच्या कागदपत्रांवर अवलंबून असणाऱ्या भारतीय अभ्यासकांसाठी ही घटना बोधप्रद आहे. दुसरी मर्यादा संवादाची आहे. समोर बसलेल्या वाचकाच्या अर्धवट प्रश्नातून ग्रंथपाल दोन-चार उपप्रश्न विचारून खरी गरज ओळखतो. लेखी प्रश्नात ही संधी कमी मिळते. ‘शाहू महाराजांविषयी माहिती हवी’ एवढाच मजकूर पाठविणाऱ्यास ग्रंथयादीच मिळेल. ‘१९१७ च्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या अंमलबजावणीविषयी एखाद्या पेट्याच्या पातळीवरील कागद पाहिजेत, छापील आदेश पाहिले आहेत’, असे लिहिणाऱ्यास मात्र नेमकी दिशा मिळू शकते. ऑनलाइन साहाय्य मागणे हेही शिकविण्याजोगे कौशल्य आहे, आणि ते शिकविण्याची जबाबदारी मार्गदर्शक प्राध्यापकावर येते.

निष्कर्ष

१८५० च्या नेटिव्ह लायब्ररीपासून २०२५ च्या राष्ट्रीय वर्गणी योजनेपर्यंतच्या वाटचालीत साधनांची उपलब्धता सातत्याने वाढत गेली, हे निर्विवाद आहे. परंतु उपलब्धता म्हणजे साहाय्य नव्हे. इंग्रजी नियतकालिकांतील लेख शोधयंत्राने सापडतो. मोडी रुमालातील कागद सापडण्यासाठी त्या दप्तराची ओळख असलेला माणूस लागतो. ही ओळख बहुतांशी व्यक्तीच्या स्मरणात असते आणि ती व्यक्ती सेवानिवृत्त झाल्यावर संस्थेच्या हातून निसटते.

म्हणूनच ऑनलाइन संदर्भसेवेचा खरा लाभ केवळ त्वरेत नाही. लेखी विचारलेला प्रश्न आणि लेखी दिलेले उत्तर जतन करता येते. परिसरातील महाविद्यालयांच्या ग्रंथपालांनी, विद्यापीठ ग्रंथालयाने आणि पुराभिलेखागाराने अशी प्रश्नोत्तरे विषयवार संकलित केल्यास पुढील पिढीतील संशोधकास तयार वाट सापडेल. त्यासाठी महाविद्यालयांतील ग्रंथपालाचे पद भरलेले असणे, त्यास मोडी व कालगणनेचे प्रशिक्षण मिळणे आणि संशोधन समितीत त्यास प्रारंभापासून स्थान असणे आवश्यक आहे. ज्या नगराने देशात सर्वप्रथम ग्रंथालयाचा कायदा केला, त्या नगराकडून एवढी अपेक्षा बाळगणे अनुचित ठरणार नाही.